वाचकांचे प्रश्न : सासू-सासऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा संपला, आता पुढे?

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे परदेशातील मुलांकडे जाऊन-येऊन असणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या व्हिसाविषयी आहेत. अशी पत्रे बहुधा सुनांनी किंवा जावयांनी लिहिलेली असतात, कारण वडीलधाऱ्यांचे कागद सांभाळण्याचे काम जवळ राहणाऱ्याच्याच वाट्याला येते. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे. त्यात विचारलेल्या गोष्टी अनेक घरांत अडतात आणि त्यांविषयी ऐकीव सल्ले फार फिरतात.

प्रश्न : माझे सासरे एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या. धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. २०१५ साली दोघांनाही मुंबईहून दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला होता. त्यावर ते २०१६ आणि २०१९ साली चार-चार महिने राहून आले. ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन चवथीच्या दिवसांत, तो व्हिसा संपला. येत्या डिसेंबरात दिरांच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. नूतनीकरणाची चौकशी केली, तेव्हा एका एजंटाने सांगितले, की सासऱ्यांना ऑक्टोबरात ऐंशी वर्षे पूर्ण होतील तोवर थांबा, मग मुलाखतच लागणार नाही. दुसऱ्याने सांगितले, की मुलाकडे ग्रीन कार्ड आहे हे अर्जात लिहू नका, नाहीतर कायमचे राहायला चालले आहेत असे समजतील. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने आपली हाती असलेली सवलत जाईल आणि दुसऱ्याने त्याहून पुष्कळ जास्त नुकसान होईल.

प्रथम ‘नूतनीकरण’ या शब्दाविषयी लिहिते. वाहनाचा परवाना किंवा दुकानाचा परवाना आपण नूतनीकृत करतो, तेव्हा जुनाच परवाना पुढे चालू राहतो. अमेरिकेच्या व्हिसाचे तसे नाही. बोलताना आपण ‘रिन्यू केला’ म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात दर वेळी नवा अर्ज असतो, नवे शुल्क असते आणि अधिकाऱ्याचा निर्णयही नवाच असतो. मागच्या वेळी व्हिसा मिळाला, दोनदा वेळेवर परत आले, या गोष्टी अर्जदाराच्या बाजूने निश्चित बोलतात. परंतु त्यांमुळे नव्या व्हिसाचा हक्क निर्माण होत नाही. हे घरात सर्वांनी आधी लक्षात घेतले, तर ‘फक्त शिक्का मारून आणायचा आहे’ अशा समजुतीने होणारी हेळसांड टळते.

आता वयाच्या सवलतीविषयी. पूर्वी ऐंशी वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या अर्जदारांना मुलाखतीतून सूट मिळत असे. त्या एजंटाने दिलेला सल्ला त्या काळातला आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून वयावर आधारलेली ही सूट बंद झाली. त्याच बदलाने बहुतेक सर्व प्रकारच्या व्हिसांसाठी प्रत्यक्ष मुलाखत पुन्हा आवश्यक ठरली. मात्र पर्यटक व्हिसासाठी, म्हणजे ज्याला ‘बी-१/बी-२’ म्हणतात त्यासाठी, एक वाट मोकळी ठेवली गेली. आधीचा व्हिसा पूर्ण मुदतीचा असेल, तो मिळताना अर्जदार अठरा वर्षांहून लहान नसेल, व्हिसा संपून बारा महिने झाले नसतील आणि अर्ज स्वतःच्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातून केला जात असेल, तर मुलाखतीशिवाय अर्जाचा विचार होऊ शकतो. पूर्वी नकार मिळालेला असेल आणि त्यानंतर तो दूर झालेला नसेल, तर मात्र ही वाट बंद होते. बारा महिन्यांची मर्यादा पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांची होती; ती फेब्रुवारी २०२५ मध्ये खाली आणली गेली. त्यामुळे ‘चार वर्षे हातात आहेत’ असे कोणी सांगितले, तर तीही जुनीच माहिती समजावी.

आपल्या सासू-सासऱ्यांचा व्हिसा ऑगस्ट २०२५ मध्ये संपला, म्हणजे त्यांची बारा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपते. ऑक्टोबरपर्यंत थांबलात, तर सासऱ्यांना ऐंशी पूर्ण झाल्याचा काहीही लाभ मिळणार नाही आणि सासूबाईंसह दोघांचीही सवलत निघून जाईल. वास्तुशांत डिसेंबरात असली, तरी अर्ज आताच करावा. व्हिसा मिळाल्याबरोबर प्रवास केलाच पाहिजे असे काही बंधन नाही. मुलाखतीशिवाय अर्ज घेतला गेला, तरी अधिकारी आवश्यक वाटल्यास मुलाखतीला बोलावू शकतात, आणि तसे बोलावणे आले म्हणजे काही बिघडले असे मानू नये.

शुल्क प्रत्येकी १८५ डॉलर असून ते रुपयांत भरावे लागते. व्हिसा नाकारला गेला, तरी ते परत मिळत नाही. भरल्यापासून ३६५ दिवसांच्या आत त्यावर भेटीची वेळ ठरवावी लागते. फोटो दोन इंच चौरस, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय आणि गेल्या सहा महिन्यांतला असावा. सासरे चष्मा काढायला नाखूश असतील, तर हे त्यांना स्टुडिओत जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

दुसऱ्या सल्ल्याविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. डीएस-१६० नावाच्या अर्जात जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, असा थेट प्रश्न असतो, आणि आहेत असे लिहिल्यावर त्यांचा तिथला दर्जाही विचारला जातो. तिथे ‘नाही’ लिहिणे म्हणजे दोन वृद्ध माणसांच्या नावाने खोटे विधान करणे. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका एकदा बसला, की तिथल्या कायद्याने त्या व्यक्तीला कायमची बंदी होऊ शकते, आणि ती उठवायला स्वतंत्र माफी मागावी लागते. आपल्या सासऱ्यांनी २०१५ च्या अर्जात मुलाचे नाव दिले असेलच, आणि तो अर्ज त्यांच्याकडे जपून ठेवलेला असतो, हेही विसरू नये. शिवाय त्या भीतीला आधारही नाही. ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांना कायमचे बोलावण्यासाठी अर्ज करताच येत नाही. तो अधिकार एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाला असतो. पुढे दीर नागरिक झाले आणि त्यांनी तसा अर्ज केला, तर ‘तुमच्या नावे कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का’ या प्रश्नालाही खरेच उत्तर द्यावे लागेल.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण माझ्या घरात हे घडता घडता राहिले. माझे सासू-सासरे डिचोलीला राहत असत आणि नणंद टेक्सासमध्ये होती. अर्ज भरायला दिला होता एका एजंटाकडे. सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याची प्रत घेऊन सोप्यावर बसले आणि एकेक प्रश्न मराठीत सांगून दोघांना उत्तरे विचारू लागले. ‘अमेरिकेत तुमचं जवळचं कोणी आहे का?’ असे विचारताच सासूबाई म्हणाल्या, ‘असं काय विचारतेस? आपली माई नाही का तिथे?’ अर्जात त्या जागी ‘नाही’ होते. त्या खाली वाकून कागदाकडे पाहत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण लेक नाही असे आपल्या नावाने लिहिले गेले होते, हे त्यांना समजले आणि त्यांचा चेहरा उतरला. मागच्या भेटींच्या तारखाही अंदाजाने घातलेल्या निघाल्या. तेव्हा सासूबाईंनीच आतून जुनी कालनिर्णयची पाने आणली. दुधाच्या हिशोबाच्या खाली पेन्सिलीने ‘विमान’ असे दोन ठिकाणी लिहिलेले होते. पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी त्या तारखा तंतोतंत जुळल्या.

म्हणून माझी विनंती अशी, की अर्ज कोणीही भरो, सादर करण्यापूर्वी तो सासू-सासऱ्यांना त्यांच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवावा. हा केवळ सौजन्याचा भाग नाही. अर्ज भरायला कोणी मदत केली का, हा प्रश्न अर्जातच आहे. एजंटाने किंवा आपण भरला असेल, तर तसे लिहावे लागते. मदत कोणाचीही असली, तरी शेवटची स्वाक्षरी आणि सादर करण्याची कळ अर्जदाराने स्वतः दाबायची असते. चुकीची जबाबदारी त्यांच्यावर येते, एजंटावर नाही. सादर केलेल्या अर्जात चूक आढळली, तर तो दुरुस्त करता येत नाही. नवा अर्ज भरून त्याचा क्रमांक भेटीच्या नोंदीत बदलून घ्यावा लागतो. भरताना पान काही मिनिटे तसेच राहिले तर ते बंद पडते, म्हणून अर्जाचा क्रमांक सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवावा.

अर्ज भरताना आपल्याकडच्या घरांत एक अडचण हमखास येते, ती नावाची. आपले सासरे पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले आहेत. त्या काळच्या जन्मनोंदी पोर्तुगीजमध्ये असून त्यांत प्रभूंचे ‘पोरोबो’ झालेले असते आणि नाईकांचे स्पेलिंगही निराळे असते. अर्जात नाव आणि जन्मस्थळ पासपोर्टमध्ये असेल तसेच लिहावे. जुने स्पेलिंग कधी अधिकृत कागदांवर वापरलेले असेल, तर ‘अन्य नावे’ या रकान्यात ते नमूद करावे. मागच्या व्हिसाचा क्रमांक, मागच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतले होते का, अमेरिकेतील मागच्या मुक्कामांच्या तारखा, गेल्या पाच वर्षांत भेट दिलेले देश आणि समाजमाध्यमांवरील खाती, हे सर्व विचारले जाते. सासऱ्यांचे फेसबुक खाते नातवाने उघडून दिले असेल आणि ते कधीमधी फक्त फोटो पाहत असतील, तरी ते त्यांचेच खाते आहे आणि ते लिहावे लागते.

मुलाखतीचे बोलावणे आलेच, तर गोव्यातील अर्जदारांना मुंबईला जावे लागते. बोटांचे ठसे आणि फोटो यांसाठी एक भेट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीसाठी दुसरी भेट असते. त्यामुळे कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी ठशांसाठी रांगेत उभे राहण्याऐवजी मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. या वयात तो दिवस वाया जात नाही. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही. बाहेर पडल्यावर सासू-सासरे आपल्याला फोन करू शकणार नाहीत, तेव्हा भेटण्याची जागा आधी दाखवून ठेवावी आणि दोघांच्याही खिशात किंवा पर्समध्ये फोन क्रमांक कागदावर लिहून द्यावा.

मुलाखत काही मिनिटांचीच असते आणि ती मराठीतूनही देता येते. तिथला कायदा असे गृहीत धरतो, की प्रत्येक अर्जदार कायमचा राहण्यास निघाला आहे. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. बहुतेक नकार याच कलमाखाली येतात. त्यासाठी दिरांच्या पगाराचे दाखले आणि आमंत्रणपत्र यांपेक्षा सासू-सासऱ्यांचे इथले आयुष्य महत्त्वाचे ठरते. सासऱ्यांचे निवृत्तिवेतन, घर, बागायतीचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद), इथे राहणारा थोरला मुलगा आणि नातवंडे या गोष्टी त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात. सासूबाई ‘माझ्या नावावर काही नाही’ असे सहज बोलून जातील. वस्तुतः आपल्या गोव्यातील नागरी कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते. हे त्यांना आधीच समजावून सांगावे. कागदांची पिशवी सोबत न्यावी, परंतु अधिकारी ती पाहतीलच असे नाही. किती दिवस राहणार या प्रश्नाला ‘मुलगा ठरवेल’ असे उत्तर देऊ नये. वास्तुशांतीला जाऊन मार्चच्या सुरुवातीला परत यायचे असेल, तर तेच सांगावे, आणि दोघांचेही उत्तर एकच असावे. ते पढवून नव्हे, तर खरोखर तसे ठरलेले असल्यामुळे एकच असावे.

प्रश्न : माझे सासू-सासरे ऑक्टोबरपासून कॅलिफोर्नियात नणंदेकडे आहेत. त्यांचा व्हिसा २०३१ पर्यंत आहे. गेल्या आठवड्यात सासरे घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तीन महिने विमानप्रवास नको म्हटले आहे. नणंद म्हणते, व्हिसा २०३१ पर्यंत असल्याने चिंता नाही. पण एका ओळखीच्यांनी मला घाबरवून सोडले आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ओळखीच्यांनी योग्य वेळी सावध केले आहे. व्हिसावरील तारीख ही अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची मुदत असते. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवतात. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि ही नोंद आता संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांकाने पाहता येते. नणंदेला आजच ती काढून दोघांचीही तारीख पाहायला सांगा, कारण दोघांना सारखीच मुदत मिळाली असेल असे गृहीत धरता येत नाही. साधारणतः सहा महिने मिळतात, परंतु पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर मुक्कामाची तारीखही बहुधा तिथेच थांबवली जाते. एका वाचकाच्या सासूबाईंच्या बाबतीत असे झाले होते आणि घरातल्या कोणालाही ते परतीच्या तिकिटापर्यंत कळले नव्हते.

मुक्काम वाढवण्यासाठी आय-५३९ हा अर्ज तिथूनच करावा लागतो. तो आय-९४ वरील तारखेच्या आत पोहोचला पाहिजे, आणि शक्य तर तारखेच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी करावा असे तिथले खाते सांगते. आपल्याकडे तेवढे दिवस उरलेले नसतील, तर आता एक दिवसही दवडू नये. २०२४ च्या एप्रिलपासून ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर शुल्क आहे. पती-पत्नींना एकाच अर्जात घेता येते. दुसऱ्यासाठी जोडपत्र भरावे लागते आणि शुल्क एकदाच द्यावे लागते. शस्त्रक्रियेची कागदपत्रे, प्रवास का टाळावा याचे डॉक्टरांचे पत्र, खर्च कोण करणार याचा पुरावा आणि परत जाण्याची नवी तारीख हे सर्व जोडावे. सासूबाईंच्या बाबतीत ‘पतीच्या शुश्रूषेसाठी’ हे कारण स्वतंत्रपणे लिहावे, कारण त्या स्वतः आजारी नाहीत.

अर्ज वेळेत केला असेल, तर निर्णय येईपर्यंतचा काळ बेकायदा वास्तव्यात मोजला जात नाही. अर्जाची पोच मात्र जिवापाड जपावी, कारण पुढच्या वेळी विमानतळावर किंवा नव्या व्हिसाच्या अर्जाच्या वेळी तीच दाखवावी लागेल. निर्णय नकाराचा आला, तर प्रवासाची तब्येत होताच ताबडतोब निघावे. अर्जच न करता तारीख ओलांडली, तर २०३१ पर्यंतचा तो व्हिसा आपोआप रद्द ठरतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाले तर देश सोडल्यावर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक झाले तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते. नणंदेला हे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवा. घरात आजारपण चालू असताना तारखांकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच तारखेचे काम इथून आपण अंगावर घेतलेत तर त्यांना मोठा आधार होईल. सासऱ्यांना लवकर आराम पडो.

प्रश्न : माझे सासरे जहाजावर नोकरीला होते. त्यांनी पुढे पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि सध्या ते ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर) मडगावात राहतात. सासूबाईंचा पासपोर्ट भारतीयच आहे. दोघांच्याही जुन्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा अजून दोन वर्षे बाकी आहे. आता दोघांना मेव्हण्याकडे पाच महिन्यांसाठी पाठवायचे आहे. दोघांनाही तेच नियम लागू होतात का?
— एक जावई, मडगाव

उत्तर : नाही. एकाच घरात, एकाच विमानात, पण दोघांचे नियम वेगळे आहेत.

सासूबाईंचे सोपे आहे. त्यांचा व्हिसा जिवंत आहे आणि त्यांना विमानतळावर सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते.

सासऱ्यांच्या जुन्या भारतीय पासपोर्टवरील व्हिसा मात्र आता वापरता येणार नाही. जुन्या पासपोर्टवरील व्हिसा नव्या पासपोर्टसोबत चालतो, पण दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे असतील तरच. त्यांनी स्वेच्छेने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले, तेव्हाच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगीज कायदा नागरिक मानतो म्हणून आपल्याकडच्या अनेकांनी ही वाट धरली. तिचे दूरचे परिणाम मात्र असे प्रवासाच्या वेळी लक्षात येतात.

पोर्तुगाल हा व्हिसामाफीच्या देशांत असल्याने सासऱ्यांना ‘एस्टा’ ही ऑनलाइन परवानगी घेऊन जाता येईल. तिचे शुल्क सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ४० डॉलर झाले. परंतु तिच्यावर जास्तीत जास्त नव्वद दिवसच राहता येते आणि ती मुदत तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाही. सासूबाई पाच महिने आणि सासरे तीन महिने, असे करायचे नसेल, तर त्यांनीही पर्यटक व्हिसासाठी रीतसर अर्ज करावा. ते गोव्यात राहत असल्याने तो मुंबईतून करता येतो. त्यांच्यासाठी तो पोर्तुगीज पासपोर्टवरचा पहिलाच व्हिसा असल्यामुळे मुलाखत धरून चालावी.

जहाजावरील नोकरीचा उल्लेख आपण केलात ते बरे झाले. १ मार्च २०११ किंवा त्यानंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, येमेन, लिबिया, सोमालिया किंवा उत्तर कोरिया या देशांत गेलेल्यांना, आणि १२ जानेवारी २०२१ किंवा त्यानंतर क्यूबाला गेलेल्यांना, एस्टा मिळत नाही. त्यांना व्हिसाच घ्यावा लागतो. मालवाहू जहाज इराकमधील बसऱ्याच्या बंदराला लागले होते का, तिथे सासरे किनाऱ्यावर उतरले होते का, हे त्यांच्या सीडीसी पुस्तिकेतील, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीतील, नोंदींवरून पाहावे. अर्जात ‘पूर्वी अन्य देशाचे नागरिकत्व होते का’ या प्रश्नापुढे भारताचे नाव लिहावे. जुन्या भारतीय पासपोर्टचा क्रमांक आणि तो जमा केल्याचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

या संदर्भात आणखी एक गोष्ट. ज्या घरांत कोणी लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून ठेवली आहे, पण पोर्तुगीज पासपोर्ट अजून घेतलेला नाही, त्यांनी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा अर्ज करण्यापूर्वी या विषयातील वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. नागरिकत्वाच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नये.

प्रश्न : सासूबाईंचा पासपोर्ट संपल्याने पणजीहून नवा काढला. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत दिला आहे. त्यातला अमेरिकेचा व्हिसा २०२९ पर्यंत होता. तो गेला का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. व्हिसाचे पान फाटलेले, कापलेले किंवा भिजून खराब झालेले नसेल, तर तो चालतो. त्यासाठी नवा अर्ज नको आणि शुल्कही नको. नवा पासपोर्टही भारतीयच असल्याने दोन्ही दाखवून प्रवास करता येतो. व्हिसा सोलून नव्या पासपोर्टवर चिकटवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. तसे केल्याने तो बाद होतो. विमान कंपनीच्या खिडकीपासून अमेरिकेतल्या अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला दोन्ही पासपोर्ट लागतील, तेव्हा सासूबाईंना ते रबराने एकत्र बांधून हातातल्या पिशवीत द्यावेत, वर टाकायच्या बॅगेत ठेवू नयेत.